लतादीदी उभ्या होत्या ती जागा : रॉयल अल्बर्ट हॉलच्या एका सहलीचे प्रकरण

पार्श्वभूमी

लंडनच्या पश्चिमेला राहणाऱ्या काही मराठी कुटुंबांतल्या ज्येष्ठांसाठी मी अधूनमधून छोट्या सहली आखते. काहींचे सारे आयुष्य इथेच गेले, काही उन्हाळ्यात लेकीकडे किंवा मुलाकडे तीन-चार महिने येतात. घरातली माणसे कामावर गेली की यांचा दिवस खिडकीशी जातो. म्हणून महिन्यातून एकदा कुठेतरी जायचे, एवढाच साधा बेत असतो. पुढची हकिकत अशाच एका ऑगस्टमधली आहे. माणसांची ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत, घडले ते तसेच ठेवले आहे.

सुरुवात झाली एका आजींपासून. वय ८१, एका गुडघ्याचे ऑपरेशन झालेले, हातात काठी. लतादीदींनी १९७४ मध्ये रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये केलेल्या कार्यक्रमाची ध्वनिमुद्रिका त्यांच्या घरी वर्षानुवर्षे वाजत आली होती. नेहरू स्मारक निधीसाठी झालेला तो कार्यक्रम. दिलीपकुमारांनी त्यात दीदींची ओळख करून दिली होती. आजींना त्या टाळ्यासुद्धा पाठ होत्या. कुठल्या गाण्यानंतर त्या किती वेळ चालतात, हे त्या बोटांनी टेबलावर वाजवून दाखवत. २०२३ च्या प्रॉम्स या पाश्चात्य अभिजात संगीताच्या महोत्सवात याच सभागृहात दीदींच्या गाण्यांची एक संध्याकाळ झाली, पलक मुच्छल गायल्या, तेव्हा आजी भारतात होत्या. ती हुकल्याची रुखरुख मनात घेऊनच त्या पुढच्या वर्षी लेकीकडे आल्या. त्यांचे मागणे एकच होते : "ती जागा मला एकदा बघायची आहे."

गट ११ जणांचा झाला. त्यात पेटी वाजवणारे एक काका होते, वय ७१. दोन्ही कानांत श्रवणयंत्रे. तरुणपणी त्यांनी नाट्यपदांना ऑर्गनची साथ केलेली. ऑर्गन म्हणजे आपल्या संगीत नाटकातला, पायाने भाता मारायचा. तीस वर्षे लंडनमध्ये राहून या इमारतीच्या आत पाऊल न टाकलेल्या एक मावशी होत्या. एक शांत स्वभावाचे जोडपे, आजींची लेक, कॉलेजात शिकणारा नातू, आणखी चौघी. त्या चौघींतली एक मी.

सभागृहाची थोडी माहिती

ही माहिती मी सहलीआधी बरीच जमवली होती, आणि पुढे दिसेल की तिचाच थोडा अतिरेक झाला. तरी तिच्याशिवाय प्रकरण कळणार नाही.

१८५१ मध्ये हाइड पार्कात मोठे जागतिक प्रदर्शन भरले. साठ लाखांवर लोकांनी ते पाहिले. आपला कोहिनूर तिथेच लंडनकरांपुढे पहिल्यांदा मांडला गेला. प्रदर्शनाला सुमारे १,८६,००० पौंड नफा झाला आणि त्यातून दक्षिण केन्सिंग्टनमध्ये जमीन घेतली गेली. आजची तिथली संग्रहालये आणि विद्यालये त्याच जमिनीवर आहेत. तिथे कलाविज्ञानांसाठी एक मोठे सभागृह व्हावे, ही राणी व्हिक्टोरियाचे पती प्रिन्स अल्बर्ट यांची कल्पना. ते डिसेंबर १८६१ मध्ये गेले. २० मे १८६७ रोजी पायाभरणी करताना राणीने ठरलेल्या नावाच्या आधी 'रॉयल अल्बर्ट' हे शब्द जोडले. २९ मार्च १८७१ रोजी उद्घाटन झाले तेव्हा तिला बोलवेना, म्हणून सभागृह खुले झाल्याचे युवराजांनी सांगितले.

पैसा उभा करायला खुर्च्या विकल्या गेल्या. १०० पौंडांना एक खुर्ची, ९९९ वर्षांच्या हक्काने. पाच हजारांवर आसनांपैकी बाराशेच्या वर आसने आजही अशा हक्कदारांकडे आहेत. आराखडा रॉयल इंजिनिअर्समधल्या फ्रान्सिस फोक आणि हेन्री स्कॉट या दोन लष्करी अभियंत्यांचा. घुमट लोखंड आणि काचेचा. तो आधी मँचेस्टरमध्ये जोडून पाहिला, पुन्हा सुटा केला आणि लंडनला आणून बसवला. मे १८६९ मध्ये खालचे आधार काढायची वेळ आली तेव्हा सगळ्यांना बाहेर पाठवले आणि स्वखुशीने थांबणारे तेवढेच आत राहिले. घुमट खाली आला तो जेमतेम ८ मिलिमीटर, आणि तिथेच थांबला.

बांधणी अशी पक्की, पण आवाजाने मात्र शंभर वर्षे छळले. लंबगोल भिंती आणि वर अंतर्गोल घुमट. त्यामुळे उद्घाटनाच्या दिवसापासूनच शब्द घुमून परत येई. ब्रिटिश संगीतकाराला आपली रचना दोनदा ऐकायला मिळेल असे हे एकच ठिकाण, असे लोक म्हणत. घुमटाखाली कापड ताणून पाहिले. १९४९ मध्ये ते काढून ॲल्युमिनियमचे पत्रे बसवले. शेवटी १९६०च्या दशकाच्या अखेरीस फायबरग्लासच्या मोठमोठ्या तबकड्या छताखाली टांगल्या, तेव्हा प्रतिध्वनी आटोक्यात आला. तळाकडून त्या अळंबीसारख्या दिसतात, म्हणून तिथे त्यांना 'मशरूम' म्हणतात. म्हणजे दीदी १९७४ मध्ये गायल्या त्या याच तबकड्यांखाली. या शतकाच्या सुरुवातीला त्यातल्या काही काढल्या, उरलेल्या अजून टांगलेल्या आहेत.

प्रॉम्स महोत्सव मूळचा इथला नाही. तो १८९५ मध्ये क्वीन्स हॉल नावाच्या सभागृहात सुरू झाला. मे १९४१ मध्ये जर्मन बाँबहल्ल्यात ते जळाले आणि त्याच वर्षी प्रॉम्स इकडे आला. जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत जवळपास रोज मैफल. मधल्या मोकळ्या जागेतल्या, म्हणजे अरिनातल्या, खुर्च्या काढतात. तिथे आणि अगदी वरच्या गॅलरीत लोक उभ्याने ऐकतात. आम्ही गेलो तेव्हा उभ्याचे तिकीट ८ पौंड होते आणि ते त्याच दिवशी सकाळी निघत असे.

अडचण

वरवर पाहता अडचण एवढीच होती की ११ जणांना एक प्रसिद्ध सभागृह दाखवायचे. पण एकेकाशी बोलत गेले तसे कळले की यातल्या कुणाला नुसते सभागृह पाहायचेच नाही.

आजींना एक विशिष्ट जागा पाहायची होती, तीही मनातल्या पन्नास वर्षांपूर्वीच्या रूपात. मावशींना इमारत आतून बघायची होती, संगीताशी फारसे देणेघेणे नव्हते. नातवाला प्रॉम्समध्ये उभे राहायचे होते. काकांना जायचेच नव्हते. "त्यांचं संगीत त्यांना. आपल्याला त्यातलं काय कळणार? आणि मला ऐकू तरी काय येणार!" ते यायला तयार झाले ते आजींसाठी. दोघांची घरे एकाच गल्लीत, रोज सकाळी सोबत चालायला जातात.

यात तीन व्यावहारिक गोष्टींची भर. गुडघे आणि पायऱ्या ही पहिली. दुसरी भाषा, कारण तिघांना भरभर बोललेले इंग्रजी समजत नव्हते. तिसरी मी स्वतः ओढवून घेतली. आजींना मी फोनवर म्हणून बसले होते, "तुम्हाला रंगमंचावर नेऊन उभं करते." तसे करता येते का, हे मी कुणालाही विचारलेले नव्हते.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय फक्त मार्गदर्शित फेरीचा. सकाळी तासाभरात इमारत पाहायची आणि दुपारी घरी. खर्च आणि थकवा दोन्ही कमी. पण प्रॉम्सच्या दिवसांत रंगमंचावर रोज तालीम असते, त्यामुळे फेरीत किती दिसेल याची खात्री नाही. हे फेरीच्या माहितीत लिहिलेले होते. मी वाचले होते आणि 'आपल्या वेळी नसेल' असे धरून चालले होते.

दुसरा पर्याय फक्त संध्याकाळच्या मैफलीचा. आसने आधी काढायची, सात वाजता पोचायचे, दहाच्या आसपास निघायचे. यात इमारतीचा इतिहास कुणी सांगणार नव्हते, आणि त्या वेळी मला ते मोठे नुकसान वाटले.

तिसरा पर्याय ऑक्टोबरपर्यंत थांबायचा. प्रॉम्स संपलेला, गर्दी कमी. पण आजी सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात परत जाणार होत्या, म्हणून हा तिथेच मिटला.

चौथा, फेरी आणि मैफल एकाच दिवशी. मला हाच सगळ्यात चांगला वाटला. इतकी माणसे पुन्हा जमणार नाहीत, एका प्रवासात सगळे होईल, प्रत्येकाला काहीतरी मिळेल. आता वाटते, 'प्रत्येकाला काहीतरी' हाच माझा चकवा होता. सगळ्यांच्या इच्छा एका दिवसात कोंबल्या की दिवस इच्छांइतका लांबत जातो, आणि तो पेलायचा ८१ वर्षांच्या गुडघ्याला.

काय ठरले

चौथा पर्याय ठरला. ११ जणांना एकत्र फेरीची वेळ मिळाली ती सकाळी ११ ची, मैफल संध्याकाळची. मधली दुपार जवळच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात घालवू, असे मी म्हटले.

आसनांचा निर्णय दुसरा. सहा जणांसाठी मी सर्कलमधली आसने काढली. सर्कल गॅलरीच्या खालचा मजला, तिकिटे त्या मानाने स्वस्त. नकाशावर ती ओळीने, गुळगुळीत कमानीत दिसत होती. चढ नकाशावर दिसत नाही. उरलेल्या पाच जणांनी गॅलरीत उभ्याने ऐकायचे. काकांनी आपण होऊन गॅलरी मागितली : "आठ पौंडांत कळेल तेवढं कळेल." ७१ वर्षांच्या माणसाला दोन तास उभे करायचे म्हणून मी दोनदा नको म्हटले. ते ऐकेनात.

मैफल निवडताना मात्र थोडा विचार केला होता. कार्यक्रमाच्या उत्तरार्धात फ्रेंच संगीतकार सँ-साँस यांची ऑर्गन सिम्फनी, म्हणजे ऑर्गनसह वाद्यवृंदाची मोठी रचना, होती. या सभागृहाचा ऑर्गन म्हणजे नळ्यांतून हवा सोडून वाजणारे भलेमोठे वाद्य; ते हेन्री विलिस यांनी १८७१ मध्ये बांधले. आज त्यात ९,९९९ नळ्या आहेत. तो नवा असताना वाजवायला आलेल्यांत खुद्द सँ-साँस होते. ऑर्गन सिम्फनी त्यांनी पुढे लंडनच्याच फिलहार्मोनिक सोसायटीसाठी लिहिली आणि १८८६ मध्ये इथल्या सेंट जेम्स हॉलमध्ये स्वतः तिचे संचालन केले. पेटी वाजवणाऱ्या माणसाला त्यात काही ओळखीचे सापडेल, असा माझा अंदाज होता.

प्रत्यक्ष दिवस : सकाळ

साउथ केन्सिंग्टन स्टेशनच्या पायऱ्या टाळायला आम्ही ९ नंबरच्या बसने गेलो. ती सभागृहासमोर सोडते. हा दिवसातला सर्वांत चांगला निर्णय, आणि तो मावशींचा.

रस्त्यापलीकडच्या अल्बर्ट स्मारकापाशी दहा मिनिटे थांबलो. त्याच्या चार कोपऱ्यांवर चार खंडांचे शिल्पसमूह आहेत. आशियाच्या समूहात मधोमध गुडघे टेकलेला हत्ती आणि त्यावर बसलेली स्त्री. आजी बराच वेळ हत्तीकडे पाहत राहिल्या. काका म्हणाले, "हत्ती आपला, हिरा आपला, आणि स्मारक यांचं." कुणी काही बोलले नाही. हे वाक्य मी मुद्दाम लिहिते आहे, कारण आपली माणसे या परिसरात येतात तेव्हा ही ठसठस सोबत येतेच. तिला जागा न देता नुसती कौतुके ऐकवत सुटले की ऐकणारा मिटून जातो. मी त्या क्षणी विषय बदलला. बदलायला नको होता.

फेरी सुरू झाली आणि पहिल्याच दारापाशी हळू आवाजात बोलायची सूचना मिळाली, आत तालीम चालू होती. आम्हाला एका बॉक्समधून, म्हणजे मोजक्या आसनांच्या बंदिस्त सज्जातून, सभागृह दाखवले गेले. लाल-सोनेरी कमानींचे मजल्यावर मजले, वर त्या तबकड्या, खाली रंगमंच वादकांनी भरलेला. आमची मार्गदर्शक जाणकार होती आणि तिला सांगण्याची हौस होती. घुमटाची गोष्ट तिने रंगवून सांगितली. पण ती इंग्रजीत भरभर सांगत होती आणि मी तिच्या मागोमाग मराठीत कुजबुजत होते. काकांच्या यंत्रात दोघींचे आवाज आणि खालची तालीम, सगळे एकत्र शिरत होते. तिसऱ्या थांब्यावर त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तू थांब गं. मला दोन्ही कळेनात." मी भाषांतर बंद केले. हा निर्णयही माझा नव्हे, त्यांचा.

आजींनी एकच प्रश्न विचारला : "ती कुठं उभी होती?" मार्गदर्शकाने रंगमंचाच्या मध्याकडे बोट दाखवले. तिथे त्या वेळी व्हायोलिनवाले पानावर काहीतरी खुणा करत होते, कुणी पाणी पीत होते. रंगमंचावर जाता येणार नाही, हेही तिने नम्रपणे सांगितले. आजींनी मान हलवली. बाहेर आल्यावर लेकीला म्हणाल्या, "तिथं तर दुसऱ्यांचाच संसार मांडलाय." मी दिलेल्या शब्दाबद्दल त्या काहीच बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरे झाले असते.

मधली दुपार

बारा वाजता फेरी संपली. मैफलीला सात तास होते. पाऊस सुरू झाला. संग्रहालयात जेमतेम एक दालन पाहून झाले आणि सगळे बाकावर टेकले. तीनच्या सुमारास जोडप्यातल्या काकूंचे डोके दुखायला लागले आणि दोघे घरी गेले. त्यांना थांबा म्हणायचे धाडस मला झाले नाही, म्हणायला नकोच होते. त्यांची दोन तिकिटे वाया गेली.

चार वाजता आजीही म्हणाल्या, "मला सोडा घरी." इथे आम्ही खरोखर विचार करून एक गोष्ट केली. समजूत घातली नाही. पूर्वार्ध किती वेळ चालतो, मध्यंतर कधी, हे त्यांना घड्याळावर दाखवले. मध्यंतराला निघावेसे वाटले तर निघायचे, टॅक्सी बोलावू, कुणी काही विचारणार नाही, असे लेकीने सांगितले. म्हणजे पूर्ण संध्याकाळ की घर, असा प्रश्नच उरला नाही. पन्नास मिनिटे बसून तर बघायचे. आजी म्हणाल्या, "पन्नास मिनिटं तर कीर्तनातही बसते मी." आणि थांबल्या.

संध्याकाळ

लिफ्टने वर जाऊन सर्कलच्या दारातून आत शिरलो आणि माझ्या पोटात गोळा आला. खाली उतरत जाणाऱ्या उभ्या पायऱ्या, आणि आमची ओळ बरीच पुढे. आजींनी काठी पहिल्या पायरीवर टेकवली, खाली पाहिले आणि मागे सरल्या. तिथे उभ्या असलेल्या कर्मचारी बाईंनी हे पाहिले. सर्वांत मागच्या ओळीत, दाराला लागून बसलेल्या दोघांना त्यांनी जागा बदलाल का असे विचारले. ती दोघे हसत पुढे गेली आणि आजी व लेक दारापाशी बसल्या. सगळे निभावले ते त्या तिघांच्या चांगुलपणामुळे.

मी वर गॅलरीत गेले. ही जागा पाहिल्याशिवाय या सभागृहाची ओढ कळायची नाही, असे आता माझे ठाम मत आहे. घुमटाखाली सगळीकडून फिरणारा कमानींचा प्रशस्त सज्जा. पुढे कठड्याला टेकून काही जण उभे. मागे, भिंतीला पाठ लावून, जमिनीवर मांडी घालून, पाय पसरून, कोटाची उशी करून बसलेली माणसे. एक बाई विणत होत्या. एक मुलगा डोळे मिटून आडवा पडला होता. तबकड्या इथून समोरच दिसतात, इतक्या जवळ की त्यांच्या कडा मोजता याव्यात. नातू खूश होता. काका गोंधळून उभे होते.

"इथं खाली बसता येतं?" त्यांनी विचारले.

"बसलेत की सगळे."

ते भिंतीशी गेले, चपला काढून शेजारी नीट लावल्या आणि मांडी घातली. दिवसभर ताठलेला त्यांचा चेहरा तिथे सैल झाला. आयुष्यभर ज्यांनी बैठकीत गाणे ऐकले त्यांना खुर्चीचा अवघडलेपणा मी दिवसभर देत होते, आणि त्यांची जागा आठ पौंडांच्या तिकिटात होती.

पूर्वार्ध त्यांना झेपला नाही. मोठ्या आवाजात यंत्रे टोचू लागली म्हणून त्यांनी ती काढून खिशात ठेवली. मध्यंतराला मी सर्कलमध्ये उतरले, आजींना निघायचे असेल असे धरून.

त्या जागेवरच होत्या. रंगमंच रिकामा झाला होता. वादक आत गेलेले, खुर्च्या आणि स्टँड तेवढे उरलेले, दिवे लागलेले. अरिनातली गर्दीही पांगली होती. आजींनी नातवाला बोलावून घेतले होते. त्याच्या फोनवरून इयरफोनचे एक टोक त्यांच्या कानात, एक त्याच्या. १९७४ ची ती मुद्रिका चालू होती. त्या समोर पाहत होत्या आणि गुडघ्यावर बोटे वाजत होती. मी काहीच बोलले नाही. गाणे संपले, टाळ्या सुरू झाल्या, त्या त्यांनी शेवटपर्यंत ऐकल्या आणि इयरफोन काढून दिला.

"टॅक्सी बोलवू का?" लेकीने विचारले.

"नको. आता त्यांचं ऐकू दे."

उत्तरार्धाला मी पुन्हा गॅलरीत गेले. सिम्फनीच्या संथ भागात ऑर्गन पहिल्यांदा येतो तो अगदी हळू. तंतुवाद्यांच्या खाली एक लांब खालचा स्वर, जो आधी कानाला कळतच नाही. मला तो कळला तो काकांमुळे. ते भिंतीला टेकलेले होते, यंत्रे खिशात. एकदम ताठ झाले. तळवा जमिनीवर टेकवला, उचलला, पुन्हा टेकवला. मग माझ्याकडे वळून जरा मोठ्यानेच म्हणाले, "हा खर्ज आहे. पाठीतून येतोय." शेजारच्या विणणाऱ्या बाईंनी वर पाहिले, त्यांचा हात जमिनीवर पाहिला आणि मान डोलावली. शेवटच्या भागात ऑर्गन पूर्ण ताकदीने उघडतो तिथे काकांच्या डोळ्यांत पाणी होते.

निष्पत्ती

११ पैकी नऊ जण शेवटपर्यंत थांबले. दोन तिकिटे वाया गेली. परतीला तीन टॅक्सी लागल्या, हा खर्च अंदाजात नव्हता आणि आम्ही तो वाटून घेतला. आजींचा गुडघा दोन दिवस सुजला. सप्टेंबरमध्ये त्या ठरल्याप्रमाणे परत गेल्या.

काका त्याच मोसमात आणखी दोनदा प्रॉम्सला गेले, दोन्ही वेळा गॅलरीत, एकदा एकटेच. आता एक पातळ उशी घेऊन जातात. मावशींना फेरी मनापासून आवडली. मैफल लांबली, असे त्यांनी स्पष्ट सांगितले.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत आधी, रंगमंचावर उभे करायचा शब्द विचारल्याशिवाय द्यायला नको होता. एका फोनचे काम होते. 'तिथे जाता येणार नाही, पण समोर बसून रिकामा रंगमंच बघता येईल' असे सांगितले असते तर आजी त्याच तयारीने आल्या असत्या. मध्यंतरात जे घडले ते आपसूक घडले. पुढच्या वेळी तेच बेताच्या मध्यभागी ठेवीन, कारण जुन्या सभागृहात माणसाला आठवणीसोबत निवांत बसायला मिळते ती बहुधा तीच वीस मिनिटे.

फेरी आणि मैफल वेगवेगळ्या दिवशी हव्यात. फेरी शक्यतो प्रॉम्स संपल्यावर. पायऱ्या न चढणाऱ्यांची आसने संकेतस्थळावरून न काढता फोन करून, गरज सांगून काढावीत. श्रवणयंत्र वापरणाऱ्यांसाठी मोठ्या सभागृहांत वेगळी सोय असते, तीही आधी विचारून ठेवावी. काकांनी यंत्रे काढली म्हणून त्यांना पाठीतून ऐकू आले हे खरे, पण पूर्वार्ध त्यांचा गेला तो माझ्या न विचारण्यामुळे.

भाषांतराचे मी आता असे करते : सहलीच्या आदल्या दिवशी एक पान मराठीत पाठवते. त्यात चारच गोष्टी. इथे घुमट, प्रतिध्वनी आणि तबकड्या, ९९९ वर्षांच्या खुर्च्या, ऑर्गन. बाकी सगळे प्रत्यक्ष डोळ्यांना आणि कानांना सोडून द्यायचे. हत्तीपाशी मात्र थांबायचे, आणि कुणी काही बोलले तर विषय बदलायचा नाही.

एका गोष्टीचे उत्तर मला अजून सापडलेले नाही. दुपारी परत गेलेले ते जोडपे. ते कधीच तक्रार करत नाहीत, म्हणून त्यांना नक्की काय हवे होते हे मी विचारलेच नव्हते. बाकी प्रत्येकाची इच्छा मला माहीत होती, त्या दोघांची नाही. त्यानंतरच्या दोन्ही सहलींना त्यांनी 'यावेळी नको' म्हटले. या महिन्यात त्यांच्याकडे चहाला जाणार आहे, सहलीचा विषय न काढता.